बिऱ्हाड घेऊन गाडीने कोकणात येताना

फरिदाबादचं अठरा वर्षांचं बिऱ्हाड आवरून डिसेंबर २०२३ मध्ये आम्ही देवगड तालुक्यातल्या गावी कायमचे आलो. सामान ट्रकने आलं. मी, हे, सासूबाई आणि मुलगा असे चौघं आमच्या गाडीने आलो. अंतर सुमारे दोन हजार किलोमीटर, दिवस सहा. गाडी आम्ही दोघांनी आलटून पालटून चालवली. त्याआधी स्वतः गाडी चालवत माझी मजल आग्र्यापलीकडे गेली नव्हती.

तेव्हापासून ओळखीतलं कुणी ना कुणी फोन करून विचारतं. कुणी भिलाईहून निवृत्त होऊन राजापूरला येतंय, कुणी इंदूर सोडून गुहागरला. प्रत्येकाला तेच सांगत आले, म्हणून एकदा नीट लिहून काढते. सांगण्यासारखं पुष्कळ आहे, पण त्यातली एक गोष्ट पक्की धरली तर बाकीच्या आपोआप जागेवर बसतात.

वेळापत्रक शेवटाकडून मांडा

बहुतेक जण निघायची तारीख ठरवतात आणि पुढे जमेल तसं जाऊ म्हणतात. कोकणात येणाऱ्याने उलटं करावं. घाट कोणत्या सकाळी उतरायचा ते आधी ठरवा आणि तिथून मागे मोजत निघण्याच्या दिवसापर्यंत या.

उत्तरेहून किंवा पूर्वेहून येणाऱ्याला सगळा सपाट, रुंद, चौपदरी रस्ता आधी मिळतो. अवघड वाट येते ती अगदी शेवटी. चार-पाच दिवस गाडी चालवून अंग आंबलेलं असतं, गाडी ओझ्याने मागून बसलेली असते, घर जवळ आल्याची ओढ लागलेली असते, आणि नेमका तेव्हाच सह्याद्रीचा कडा समोर येतो. काही किलोमीटरांत गाडी पाचेकशे मीटर खाली उतरते. हे काम दमलेल्या माणसाने संध्याकाळी करायचं नाही. घाटाच्या वरच्या गावात मुक्काम, पोटभर झोप, आणि उजाडल्यावर घाट. एवढं ठरलं की आदल्या दिवशी दुपारी चारपर्यंत कोल्हापूर किंवा कराड गाठायचं हे ठरतं. त्यावरून त्याच्या आदल्या दिवशी कुठे थांबायचं हेही ठरतं. असं मागे मागे येत गेलं की निघायची तारीख हातात पडते.

आमचा हिशोब असा होता: फरिदाबाद ते जयपूर, जयपूर ते उदयपूर, उदयपूर ते वडोदरा, वडोदरा ते पनवेल, पनवेल ते कोल्हापूर, आणि सहाव्या सकाळी घाट. पहिला दिवस मुद्दाम छोटा ठेवला. घर सोडताना कधीच वेळेवर निघता येत नाही. शेजारी येतात, किल्ली द्यायची असते, वीजमीटरचा फोटो काढायचा राहिलेला असतो. आम्ही सकाळी सातला निघणार होतो, निघालो दुपारी साडेबाराला, तरी दिवस मावळताना जयपूरला पोचलो.

महिना कोणता

जून ते सप्टेंबर बिऱ्हाड हलवू नका. नोकरीची तारीख नाइलाज करत असेल तर माणसांनी यावं, सामान मागे ठेवावं. कोकणातला पाऊस ताडपत्रीला दाद देत नाही. गाद्या आणि पुस्तकं एकदा भिजली की पुढे तीन महिने वाळत नाहीत, त्यांना बुरशी धरते. घाटात दरड कोसळली तर ट्रक वरच अडकतो. पावसाळ्यातल्या रात्रीच्या प्रवासाबद्दल तर मी कुणाचंही ऐकून घेत नाही. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा जुना पूल पुरात वाहून गेला आणि दोन एसटी गाड्या प्रवाशांसकट नदीत गेल्या. अंधारात, पावसात, पुढे पूल उरलेला नाही हे चालकाला दिसणार कसं?

गणपतीत मुंबई-गोवा महामार्ग चाकरमान्यांनी भरलेला असतो, आणि त्या दिवसांत अवजड वाहनांना बंदी घालतात, म्हणजे तुमचा ट्रक वाटेत थांबणार. शिमगा आणि मे महिन्याची सुट्टी हेही गर्दीचे दिवस. उरतात ते दिवाळीनंतरचे महिने. पण उत्तरेकडून निघणाऱ्यांनी आणखी एक ध्यानात ठेवावं: डिसेंबरच्या उत्तरार्धापासून जानेवारीभर दिल्ली-जयपूर पट्ट्यात पहाटेचं धुकं इतकं दाट असतं की बॉनेटपुढचं दिसत नाही. माझ्या मते नोव्हेंबर किंवा फेब्रुवारी उत्तम. आम्ही डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात निघालो आणि धुक्याच्या आधी निसटलो.

कागदपत्रं महिनाभर आधी

आरसी, विमा, पीयूसी आणि लायसन्स डिजिलॉकर किंवा एमपरिवहन या सरकारी ॲपमध्ये असतील तर ती कायद्याने चालतात. तरी छापील प्रती जवळ ठेवा, घाटात मोबाईलला रेंज नसते.

ज्यांना कायमचं राहायचं आहे त्यांनी निघण्यापूर्वी जुन्या आरटीओची ना-हरकत घ्यावी. त्यासाठी फॉर्म २८ लागतो. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ४७ प्रमाणे दुसऱ्या राज्यात गाडी बारा महिन्यांहून जास्त ठेवली तर नव्या राज्याचा नंबर घ्यावाच लागतो. गाडीवर कर्ज असेल तर आधी बँकेचं पत्र लागतं, आणि खरा वेळ तिथे जातो. लोक ना-हरकत न घेता येतात आणि मग एका कागदासाठी दोन हजार किलोमीटर परत जायची वेळ येते. गाडीचा नंबर बीएच (भारत) मालिकेचा असेल तर ही यातायात नाही. २०२१ मध्ये ही मालिका त्याचसाठी सुरू झाली, पण ती केंद्र-राज्य सरकार, सैन्यदल, सार्वजनिक उपक्रम, आणि चार किंवा अधिक राज्यांत कचेऱ्या असलेल्या खाजगी कंपन्यांच्या नोकरदारांनाच मिळते.

फास्टॅग गाडीच्या नंबराशी जोडलेला आहे, केवायसी पूर्ण आहे आणि खात्यात पैसे आहेत, हे निघण्याच्या आदल्या रात्री पाहा. १५ ऑगस्ट २०२५ पासून खाजगी गाड्यांसाठी वार्षिक पास मिळतो. सुरुवातीला तो ३,००० रुपयांना होता, एक वर्ष किंवा २०० फेऱ्या. एवढ्या लांबच्या प्रवासात त्यातली बरीच किंमत एकदमच वसूल होते. मात्र तो राष्ट्रीय महामार्ग आणि राष्ट्रीय द्रुतगती मार्गांवरच चालतो. समृद्धी महामार्ग आणि मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग राज्याचे आहेत, तिथला टोल वेगळा कापला जातो.

स्वयंपाकाचा गॅस बरोबर आणायचा नाही. सिलिंडर आणि रेग्युलेटर एजन्सीत जमा करून व्हाउचर घ्या, ते गावाजवळच्या एजन्सीत दाखवून नवं कनेक्शन मिळतं. आणि एक गोष्ट लोक संकोचाने विचारत नाहीत, म्हणून मीच सांगते. वाट गुजरातमधून असेल तर घरातल्या कपाटातली दारूची बाटली, अर्धी असली तरी, गाडीत किंवा ट्रकमध्ये ठेवू नका. तिथे दारूबंदी आहे आणि नाक्यावर गाडी तपासतात. घर हलवतोय ही सबब चालत नाही.

ट्रकशी काय बोलायचं

वाहतूकदार ठरवताना तीन-चार जणांना घरी बोलावून सामान दाखवा. फोनवरच्या अंदाजावर विश्वास नको. पूर्ण ट्रक की पार्ट लोड, हे स्पष्ट विचारा. पार्ट लोड स्वस्त पडतो, पण सामान वाटेत एका गोदामातून दुसऱ्या ट्रकमध्ये जातं आणि तारीख कुणाच्याच हातात राहत नाही. प्रत्येक खोक्यावर नंबर, आणि नंबराप्रमाणे आत काय आहे याची वही आपल्याकडे. बिल्टीवर, म्हणजे वाहतूकदाराच्या पावतीवर, सामानाची किंमत खरी लिहा आणि वाहतूक विमा काढा. वापरलेल्या घरगुती सामानाला ई-वे बिल (जीएसटीचा मालवाहतूक परवाना) लागत नाही. ते लागतं म्हणून वेगळे पैसे कुणी मागितले तर देऊ नका.

आमची चूक शेवटच्या चार किलोमीटरांत झाली. करारात गावाचं नाव होतं, पण गावात ट्रक शिरतो का हे ना त्यांनी विचारलं ना आम्ही सांगितलं. ट्रक नांदगाव तिठ्यावरून देवगड रस्त्याने आला आणि गावच्या फाट्यावर उभा राहिला. आत जाणारा रस्ता एका गाडीपुरता, दोन्ही बाजूंना चिऱ्याचे (जांभ्या दगडाचे) गडगे, म्हणजे कुंपणाच्या भिंती, वर आंब्याच्या फांद्या आणि विजेच्या तारा, मध्ये व्हाळावर (ओढ्यावर) साकव, म्हणजे छोटा पूल. चालकाने उतरून साकव पाहिला आणि मान हलवली. बरोबरच होतं त्याचं. पण कंपनीने फोनवर जे जास्तीचे पैसे सांगितले ते ऐकून हे खालीच बसले. सामान ट्रकमध्ये, ट्रक फाट्यावर, आणि आमच्या हातात घासाघीस करायला काहीच नाही.

म्हणून घर पाखाडीच्या (पायऱ्यांच्या वाटेच्या) टोकाला असो की वाडीच्या मध्यात, आधीच गावातल्या माणसाकडून रस्त्याचा व्हिडिओ मागवा. ट्रक किती फुटी येणार हे वाहतूकदाराला विचारा. शंका असेल तर फाट्यापासून घरापर्यंत छोटा हत्ती (लहान टेम्पो) आणि चार गडी स्वतः ठरवून ठेवा. तो खर्च आधी ठरवला तर किरकोळ असतो. वाडीतली माणसं मदतीला येतातच, पण कपाटं आणि फ्रीज उतरवायचं काम त्यांच्या भिडेवर टाकणं बरं नाही.

गाडीत काय, आणि कसं

ट्रक आमच्यानंतर चार दिवसांनी आला. तोवरचा संसार गाडीतच असायला हवा: कुकर, दोन पातेली, इंडक्शन शेगडी, चहा-साखर, चादरी, औषधं, चार्जर, बल्ब, एक विजेरी, झाडू. दागिने, घराचे कागद, शाळेचे दाखले हे कधीही ट्रकमध्ये नाही. सासूबाईंनी देवघरातले चांदीचे टाक (कुलदेवतांचे पत्रे) आणि बाळकृष्ण तांब्याच्या डब्यात घालून, डबा रेशमी कापडात बांधून, सहा दिवस मांडीवर ठेवला. जेवायला उतरल्या तरी हातात डबा. मी एकदाच म्हटलं, मागे ठेवूया का. त्यांनी नुसतं पाहिलं. त्यांच्यासाठी तोच गृहप्रवेशाचा मुहूर्त होता, आणि खरं सांगायचं तर गाडीतलं सगळ्यात नीट बांधलेलं सामान तेच होतं.

सामान भरताना जड वस्तू खाली आणि मागच्या सीटच्या पाठीला टेकून. हलकं वर. डोक्यामागे सुटं काही नको. पाणी भरलेली बाटलीसुद्धा जोरात ब्रेक लागल्यावर दगडासारखी येते. मागची काच पूर्ण झाकू नका. छतावर कॅरियर असेल तर गाडीच्या पुस्तिकेत छतावर किती किलो चालतात ते लिहिलेलं असतं, त्यापुढे जाऊ नका. वर ओझं असलं की वळणावर गाडी कलते, आणि घाटात ते जाणवतं.

टायरमधली हवा थंड टायरवर, सकाळी निघतानाच भरून घ्या. चालकाच्या दाराच्या चौकटीवर एक चिकटपट्टी असते. तिच्यावर रिकाम्या गाडीचा आणि भरलेल्या गाडीचा असे दोन आकडे असतात. पंपावरचा मुलगा सवयीने नेहमीची हवा भरतो, आपण भरलेल्या गाडीचा आकडा सांगायचा. टायर पाच वर्षांपेक्षा जुने असतील, बाजूला चिरा दिसत असतील, तर निघण्याआधी बदला. द्रुतगती मार्गावर तापलेला, ओझ्याखालचा जुना टायर फुटण्याची भीती फार. निघण्याच्या दोन आठवडे आधी सर्व्हिसिंग करा म्हणजे काही राहिलं तर शहरातच कळतं. ब्रेकचे पॅड किती उरलेत ते मेकॅनिकला चाक काढून दाखवायला लावा.

आता स्टेपनी. वडोदऱ्याच्या थोडं अलीकडे, दिवस मावळता मावळता आमच्या मागच्या डाव्या चाकातली हवा गेली. स्टेपनी डिकीच्या तळाखाली, आणि डिकीवर आमचं घर. गाडी कडेला घेतली, सासूबाईंना आणि मुलाला कठड्यापलीकडे उभं केलं, त्रिकोण मागे नेऊन ठेवला, आणि एकेक वस्तू उतरवू लागलो. कुकर, शिलाई मशीन, पुस्तकांच्या दोन पिशव्या, पितळी समया, मुलाची बॅट, पापडांचा डबा. सगळं डांबराच्या कडेला मांडलेलं आणि शेजारून ट्रक जाताना त्यावरून वारा जायचा. पापडांचा डबा उलटला. चाक बदलायला दहा मिनिटं लागली, सामान काढून परत भरायला पाऊण तास. पूर्ण काळोख झाला होता.

तेव्हा स्टेपनीच्या वरचं सामान एक-दोन मोठ्या पिशव्यांतच असावं, एका ओढीत बाहेर येईल असं. जॅक, पाना, त्रिकोण आणि विजेरी पुढच्या सीटखाली. स्टेपनीत हवा आहे ना ते निघताना बघा. आणि मुक्काम सूर्यास्ताच्या तासभर आधी गाठायचा, हा नियम आम्ही त्या रात्रीपासून पाळला.

दिव्यांबद्दल एक बारीक गोष्ट. मागे ओझं भरलं की गाडीचं नाक वर होतं आणि डिपरसुद्धा समोरच्याच्या डोळ्यांत जातो. स्टिअरिंगच्या उजव्या बाजूला बहुतेक गाड्यांत शून्यापासून आकडे असलेलं एक छोटं चाक असतं. ते फिरवलं की दिव्यांचा झोत खाली येतो. गाडी घेतल्यापासून सात वर्षं ते चाक मी फिरवलं नव्हतं.

रस्त्यावरचे दिवस

पोटासाठी गाडी चालवणाऱ्यांना कायद्याने दिवसाला आठ तास काम आणि पाच तासांनंतर निदान अर्धा तास विश्रांती ठरवून दिलेली आहे. सवय नसलेल्या आपण त्यापेक्षा जास्त चालवू नये. पहिल्यांदाच जाणाऱ्याने चारशे किलोमीटर हा दिवसाचा हिशोब धरावा. भरलेली गाडी, जेवण, चहा, म्हाताऱ्या माणसांचं उतरणं धरलं की त्यात दिवस जातो. दर दोन तासांनी उतरून पाय मोकळे करा, चालक बदला.

दुपारी जेवल्यानंतरचे दोन तास फार फसवे. समृद्धीसारख्या सरळ रस्त्यावर तर जास्तच. नागपूरकडून येणारे हा ७०१ किलोमीटरचा मार्ग धरतात. रस्ता सुरेख आहे, पण वळण नाही, गाव नाही, डोळे उघडे असतात आणि मन झोपतं. वेगमर्यादा १२० असली म्हणून भरलेली गाडी १२० ने न्यायची नसते. आम्ही ऐंशी-नव्वदच्या पुढे गेलो नाही. अशा रस्त्यांवर पंप आणि खाण्याची ठिकाणं लांब लांब असतात, टाकी अर्धी झाली की भरायची.

राष्ट्रीय महामार्गावर काही झालं तर १०३३, बाकी कुठेही ११२, महाराष्ट्रात रुग्णवाहिकेला १०८. हे नंबर कागदावर लिहून सनशेडला अडकवा, मोबाईल बंद पडू शकतो. अपघातातल्या जखमींना पहिल्या सात दिवसांत दीड लाख रुपयांपर्यंत रोकडरहित उपचार देण्याची केंद्राची योजना मे २०२५ पासून आहे. ठरलेल्या रुग्णालयांत तिचा लाभ मिळतो, हे बरोबरच्या सगळ्यांना माहीत असू द्या.

कोणता घाट

घर कुठे आहे त्यावर हे ठरतं. पुण्याहून माणगावकडे ताम्हिणी, भोरहून महाडला वरंधा, कराडहून चिपळूणला कुंभार्ली, कोल्हापूरहून रत्नागिरीला आंबा, राजापूरला अणुस्कुरा, वैभववाडी-तळेऱ्याला करूळ, राधानगरीवरून कणकवलीला फोंडा, आजऱ्याकडून किंवा बेळगावहून सावंतवाडीला आंबोली. वरंधा अरुंद आहे, नवख्याने भरलेली गाडी तिथून नेऊ नये. राधानगरी-दाजीपूरच्या जंगलात आणि आंब्याला गवे रस्त्यावर येतात. गवा दिसला तर थांबा, हॉर्न वाजवू नका, तो जाईपर्यंत काच बंद.

पनवेलहून सरळ मुंबई-गोवा महामार्गाने का गेला नाहीत, असं मला हमखास विचारतात. घर पेण, महाड, खेड, चिपळूणकडे असेल तर तोच रस्ता. पोलादपूर आणि खेडच्या मध्ये कशेडीला बोगदा झाल्यापासून जुन्या घाटाची वळणं टळली आहेत. पण २०११ पासून रुंदीकरण चाललेल्या त्या रस्त्यावर वळवलेली वाहतूक, अर्धवट पूल आणि रात्री न दिसणारे खड्डे आम्ही सुट्टीत येताना बरेचदा सोसले होते. सिंधुदुर्गात जाणाऱ्याला घाटमाथ्यावरून कोल्हापूर गाठणं लांब वाटलं तरी अंगाला सोपं पडतं.

घाट चालू आहे ना, हे आदल्या दिवशी खात्री करूनच निघा. आम्ही करूळने उतरलो, आणि पुढच्याच महिन्यात, जानेवारी २०२४ मध्ये, तो रुंदीकरणासाठी बंद झाला तो वर्षाहून अधिक काळ. नकाशा कधी कधी बंद घाटही चालू दाखवतो. विश्वासाची जागा म्हणजे एसटी स्टँडची चौकशी खिडकी. कोकणातला माझा साधा नियम आहे: जिथून लाल एसटी जाते, तिथून आपली गाडी जाते. नकाशाने दाखवलेल्या जवळच्या वाटेवर एसटी जात नसेल तर आपणही जायचं नाही.

उतरताना

कोल्हापुरात आम्ही दुपारी पोचलो तेव्हा हे म्हणाले, अजून तीन तास उजेड आहे, जाऊया का. गावाहून चुलत दिरांचा फोन आला. त्यांनी आमचा बेत ऐकला आणि म्हणाले, "वयनी, काळोखात घाट उतरू नकात. कोल्हापुराक रवा नि सकाळी येवा." राहिलो.

सकाळी निघताना टाकी भरा. उतरल्यावर आतल्या रस्त्याला पंप कमी आहेत. करूळच्या माथ्यावर गगनबावड्याला थांबून चहा घ्या, चाकांभोवती एक फेरी मारा, ब्रेक दाबून पाहा. उतार सुरू होण्याआधीच गिअर खाली घ्यायचा, दुसरा, अवघड वळणाला पहिलाही. चढताना जो गिअर लागला असता तोच उतरताना. गाडी ऑटोमॅटिक असेल तर एल, दोन किंवा मॅन्युअल. इंजिनाने गाडी धरून ठेवायची आणि ब्रेक अधूनमधून, दाबून सोडायचा. पाय सतत ब्रेकवर ठेवला तर ब्रेक तापतात आणि ऐन वळणावर धरत नाहीत. जळका वास आला की रुंद जागा पाहून थांबा, पंधरा-वीस मिनिटं गार होऊ द्या, चाकांवर पाणी ओतू नका. न्यूट्रल करायचं नाही, इंजिन बंद करायचं नाही, कुणी पेट्रोल वाचतं म्हणून सांगितलं तरी.

चढून येणाऱ्या गाडीला आधी वाट. आंधळ्या वळणावर हॉर्न देऊन आपल्या कडेला. धुकं असेल तर डिपर आणि फॉगलॅम्प, चालत्या गाडीचे चारही इंडिकेटर नकोत, त्याने मागच्याला आपण वळतोय की थांबलोय ते कळत नाही. मागे ट्रक घाई करत असेल तर कडेला घेऊन त्याला जाऊ द्या. त्याचा घाट रोजचा आहे.

खाली आल्यावर हवा बदलते. काच खाली केली की दमट, उबदार वारा आत येतो आणि रस्त्याच्या कडेची माती तांबडी झालेली असते. इथे एक सावधगिरी: आतल्या रस्त्यांना साइडपट्टी जांभ्याच्या मातीची असते आणि डांबराची कड बरीचदा वीतभर उंच. समोरून गाडी आली म्हणून भरलेली गाडी एकदम खाली उतरवू नका, तळ घासतो. थांबा, जागा बघा, मग हळू उतरवा.

दापोली-गुहागरकडे जाणारे खाडी ओलांडायला जंगल जेटीने, म्हणजे गाड्या नेणाऱ्या फेरीबोटीने, गाडी नेतात. दाभोळ-धोपावे, जयगड-तवसाळ अशा फेऱ्या आहेत. सोय उत्तम, पण ओहोटीला जेटीचा उतार तीव्र होतो आणि ओझ्याने बसलेली गाडी मागून टेकते. भरतीच्या वेळी जा, किंवा माणसांना उतरवून गाडी तिरकी चढवा.

पोचल्यावर

खोकी थेट जमिनीवर ठेवू नका. पडवीत फळ्या किंवा चिरे मांडून त्यावर ठेवा, नाहीतर आठवड्यात खालून वाळवी लागते. पुठ्ठ्याची खोकी पहिल्या पावसाच्या आत रिकामी करा. प्लायवुडचं कपाट भिंतीला चिकटवू नका, मागे चार बोटं वारा खेळू द्या.

गाडीसाठी सिंधुदुर्गचं आरटीओ ओरोसला आहे, नंबर एमएच ०७. रत्नागिरीचा एमएच ०८. फॉर्म २७ भरून, ना-हरकत जोडून, महाराष्ट्राचा रस्ता कर भरला की नवा नंबर मिळतो. त्यानंतर जुन्या राज्याकडून उरलेल्या वर्षांच्या कराचा परतावा मागता येतो. अर्जाच्या प्रती आणि नव्या आरसीची प्रत लागते, पाठपुरावा करावा लागतो, पण रक्कम सोडून देण्याजोगी नसते. नंबर बदलला की विमा कंपनीला नवा नंबर आणि पत्ता त्याच आठवड्यात कळवा आणि फास्टॅगही बदलून घ्या.

आणि गाडीचा तळ धुऊन गंजरोधक लेप मारून घ्या. आमचं घर समुद्रापासून दीड किलोमीटर आत आहे, तरी पहिल्याच वर्षी सायलेन्सरच्या पट्ट्या खाऱ्या वाऱ्याने तांबूस झाल्या. कणकवलीत तो लेप अर्ध्या दिवसात मारून मिळतो. मे संपायच्या आत करा, एकदा पाऊस लागला की लेप वाळत नाही.